इंटरकॉमला बाहेरचा व्हॉइसमेल जोडताय? या चुका टाळा

सोमवारी सकाळी मेलबॉक्स उघडला तर चौदा मेसेज. मालक खूश. पहिला ऐकला: टूँ... टूँ... टूँ... दुसरा तसाच. चौदाच्या चौदा तसेच, प्रत्येक पुरे तीन मिनिटांचा. व्हॉइसमेल बसवणाऱ्याला हा प्रसंग कधी ना कधी येतोच, आणि आळ लगेच व्हॉइसमेलच्या डब्यावर जातो. डबा बहुतेक वेळा धडधाकट असतो.

एक्स्चेंज, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र, एका कंपनीचं आणि व्हॉइसमेलचा डबा दुसऱ्या कंपनीचा असला, की दोघांमध्ये असते फक्त दोन तारांची साधी एक्स्टेन्शन, म्हणजे आतल्या फोनची लाइन. एकमेकांना जे काही सांगायचं ते टोन वाजवून किंवा बटणांच्या आवाजातूनच. समोरच्याने फोन ठेवला, हे एक्स्चेंज सहसा एंगेज टोन देऊन कळवतं. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा: पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद गप्प. अमेरिकेसाठी बनवलेला डबा मात्र ४८० आणि ६२० हर्ट्झचा जोडटोन शोधत बसतो, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला टोन त्याच्या लेखी गिऱ्हाइकाचं बोलणं! रेकॉर्डिंग चालू राहतं, पोर्ट (डब्याची एका वेळी एक कॉल घेणारी जागा) अडकतं, आणि दोनच पोर्ट असतील तर तिसऱ्या माणसाचा फोन कोणी उचलतच नाही.

म्हणून डबा जोडला की घोषणा रेकॉर्ड करायच्या आधी देशाचं सेटिंग बघा. भारत यादीत नसेल तर टोन हाताने भरा. पण एक मेख आहे. एक्स्टेन्शनवर ऐकू येणारा टोन टेलिफोन कंपनीचा नसतो, तो तुमचं एक्स्चेंज स्वतः तयार करतं, आणि त्याचंच देशाचं सेटिंग चुकलेलं असू शकतं. शंका असेल तर तो टोन मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजा. फोन ठेवल्यावर एक्स्टेन्शनचा करंट क्षणभर तोडायची सोय एक्स्चेंजमध्ये असेल आणि डब्याला ती ओळखता येत असेल, तर तीच वापरा. टोन ओळखण्यापेक्षा ती केव्हाही भरवशाची.

तपासणी दोनदा करा. आधी आतल्या फोनवरून मेसेज ठेवून फोन ठेवा, मग बाहेरून मोबाइलने. आतून नीट चाललं आणि बाहेरून अडलं, तर दोष डब्यात नाही: बाहेरच्याने फोन ठेवल्याचं एक्स्चेंजलाच कळत नाही. जुनी तांब्याची लाइन बदलून फायबर आलं असेल, तर मॉडेमच्या फोन पोर्टचं सेटिंगही बघावं लागतं. वर्षानुवर्षं चाललेला व्हॉइसमेल लाइन बदलल्यावर एकाएकी बिघडतो, तो बहुधा इथेच.

आता शून्याची गोष्ट. ही चूक पैशात मोजली जाते. आपल्या बहुतेक ऑफिसांत शून्य दाबलं की बाहेरची लाइन मिळते आणि ऑपरेटर असतो ९ वर. अमेरिकी पद्धत बरोबर उलटी. तिकडचा डबा जसाच्या तसा लावला, तर घोषणा ऐकताना फोन करणाऱ्याने ऑपरेटरसाठी शून्य दाबलं, की डबा इमानदारीने कॉल शून्यावर पाठवतो. त्या अनोळखी माणसाच्या कानात तुमच्या लाइनचा डायल टोन! परदेशी नंबर फिरवायला चोराला आणखी काय हवं? डब्यात ऑपरेटरचा नंबर बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. एक्स्चेंजमध्ये जाऊन व्हॉइसमेलच्या एक्स्टेन्शनना बाहेरचं डायलिंगच बंद करा, एसटीडी आणि आयएसडी तर नक्कीच. मग डब्यातलं सेटिंग पुढे कोणी बिघडवलं तरी कुलूप शाबूत. मेलबॉक्सचे पासवर्ड १२३४ किंवा ०००० ठेवलेले असतील तर आजच बदला.

‘आम्ही अकाउंट्सला फोन केला, पण सगळ्या ऑफिसची घोषणा वाजली’ ही तक्रारही नेहमीची. अकाउंट्सच्या १०५ नंबरच्या एक्स्टेन्शनने उचललं नाही म्हणून कॉल डब्याकडे आला, पण तो १०५ चा आहे हे डब्याला कोणी सांगायचं? कॉल वळवल्यावर मेलबॉक्सचा नंबर बटणांच्या आवाजात पाठवायची सोय एक्स्चेंजमध्ये सुरू करावी लागते आणि डब्यातही त्याच क्रमाने भरावी लागते. अंक पाठवण्याआधी थोडा विराम द्या. डब्याने उचलण्याआधीच अंक निघून गेले तर पहिला अंक गळतो, १०५ चं ०५ होतं. ही सोयच नसलेलं एक्स्चेंज असेल, तर सगळ्यांसाठी एकच सामाईक मेलबॉक्स ठेवा. स्वतंत्र मेलबॉक्सचा हट्ट धरून डोकं फोडण्यात अर्थ नाही.

मॅन्युअलमध्ये ‘चार रिंगनंतर व्हॉइसमेल’ लिहिलेलं असतं, तेही आंधळेपणाने घेऊ नका. अमेरिकेत एक रिंग सहा सेकंदांची: दोन वाजते, चार थांबते. आपली ट्रिंग-ट्रिंग तीन सेकंदांत संपते. म्हणजे तिकडचे चोवीस सेकंद इथे बारा होतात, आणि गोदामातून धावत आलेला माणूस रिसीव्हरला हात लावेपर्यंत कॉल निघून गेलेला असतो. एक्स्चेंजमध्ये वेळ सेकंदांत भरता येत असेल तर वीसच्या आसपास ठेवून बघा.

वीज गेल्यावर एक्स्चेंज यूपीएसवर आणि डबा, किंवा डब्याचं काम करणारा कॉम्प्युटर, भिंतीच्या सॉकेटवर असंही सर्रास दिसतं. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. मेसेज ऐकून झाल्यावरही फोनवरचा ‘नवा मेसेज’ दाखवणारा दिवा जळत राहत असेल, तर दिवा विझवायचा कोड एक्स्चेंजच्या कोडशी जुळत नाही.

आणि घोषणा छोटी ठेवा, मराठीतून. आपल्याकडे रेकॉर्ड केलेला आवाज ऐकला की निम्मे लोक फोन ठेवतात, हा माझा तरी अनुभव. दुकानाचं नाव, ‘नाव आणि नंबर सांगा, आम्ही फोन करतो’, आणि लगेच बीप. दुपारी चहाला बसाल तेव्हा स्वतःच्याच नंबरवर एकदा फोन लावून हे सगळं ऐका.