जुन्या बुलेटचे नट-बोल्ट : आधी आटे, मग चकाकी

गोठ्यात वर्षानुवर्षे उभी राहिलेली बुलेट बाहेर काढली की पहिली चूक नट-बोल्ट खोलतानाच होते. गंजलेला बोल्ट भंगारात जातो आणि तालुक्याच्या दुकानातून त्याच जाडीचा नवा आणला जातो. वास्तविक मापाचा सर्वांत भरवशाचा पुरावा तो गंजका बोल्टच असतो. म्हणून प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पुडीत ठेवावेत आणि पुडीवर त्या जागेचे नाव लिहावे.

मद्रासची बुलेट मूळची ब्रिटिश आरेखनाची असल्यामुळे तिच्या जुन्या नमुन्यांत सायकल आटे (सर्वांत बारीक), बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) आणि व्हिटवर्थ (जाड आटे) असे इंची आटे एकाच गाडीत भेटतात. म्हैसूरची जावा मात्र चेक आरेखनाची, म्हणून मिलिमीटरची. तिच्यात इंच शोधू नये. 5/16 इंचाचा, म्हणजे 7.94 मिमी जाडीचा बोल्ट व्हिटवर्थ असेल तर इंचाला 18 आटे, बीएसएफ असेल तर 22 आणि सायकल आट्याचा असेल तर 26 आटे असतात. जाडी मोजणाऱ्या नुसत्या व्हर्निअरने हे कळत नाही, आटे मोजण्याचे पिच गेज लागतेच.

सर्वांत फसवा प्रकार पाव इंची सायकल आट्याचा आहे. त्यालाही इंचाला 26 आटे असतात, तर सहा मिमीच्या साध्या बोल्टला 25.4, त्यामुळे तो बोल्ट भोकात सहज जातो आणि बसला असे वाटते. परंतु पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. आट्यांची केवळ टोके एकमेकांना पकडतात आणि आवळताना खरडले जाऊन बोल्ट जागच्या जागी फिरू लागतो. असे भोक मग मिलिमीटरच्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) 'सरळ' करून घेणे, हा माझ्या मते गाडीवर केलेला अन्यायच आहे. ॲल्युमिनियममधले आटे गेले असतील तर त्याच मापाचे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावे.

पान्यांचीही तीच गत. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. पाव इंची बीएसएफ बोल्टचे डोके सुमारे 11.3 मिमी रुंद असते. त्याला 11 चा पाना बसत नाही आणि 12 चा कोपरे गोल करतो. आपल्याकडच्या कापसाच्या पट्ट्यात बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारात किंवा निवृत्त फिटरच्या पेटीत असे जुने पाने अजूनही सापडू शकतात. अशी पेटी किलोच्या भावाने जाण्याआधी विचारून पाहावे.

त्यानंतर दिसण्याचा प्रश्न. मूळ बोल्टांवर बहुधा कॅडमियमचा मंद रुपेरी थर असे. कॅडमियम विषारी असल्यामुळे असा बोल्ट तापवू किंवा ग्राइंडरवर धरू नये. सोडवायला डिझेलमध्ये रात्रभर भिजवणे पुरते. नवा थर साध्या जस्ताचा द्यावा, पिवळा किंवा आरशासारखा नको. चकचकीत स्टेनलेस दुरूनच खोटे दिसते, आणि ॲल्युमिनियममध्ये ओल राहिली तर त्या जोडापाशी ॲल्युमिनियम खाल्ले जाते. डोक्यावर 8.8 असा मजबुतीचा आकडा दिसला तर तो बोल्ट मिलिमीटरचा आहे हे जाणकार लगेच ओळखतो. टायमिंग कव्हरला खाचेचेच स्क्रू लावावेत, षट्कोनी भोकाचे ॲलन नकोत.

ब्रेक आणि चाकाच्या आसाच्या जागी मात्र दिसण्याचा आग्रह सोडावा. तिथे योग्य आट्याचा आणि पुरेशा मजबुतीचा नवाच बोल्ट घ्यावा, आणि पाना लावण्याआधी तो बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का हे पाहावे.