काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालात? या चुका टाळा

मे संपत आला की फोन सुरू होतात : "काजवे कुठं दिसतात, लोकेशन पाठव ना." पाठवतो, पण आधी चार गोष्टी ऐकवतो. भंडारदऱ्याच्या भोवतीचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि तिथले काजवे पावसाच्या तोंडावर जेमतेम दोन-तीन आठवडे चमकतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उजेड. काजव्याचं चमकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. नर उडता उडता लुकलुकतो, मादी गवतातून किंवा पानावरून उत्तर देते. मध्ये हेडलाइट आला की ही बोलाचालीच बंद पडते. घाटघरच्या रस्त्याला एका सादड्याच्या झाडाखाली आम्ही आठ-दहा जण गप्प बसलो होतो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड एका तालात उजळायचं, विझायचं. वळणावरून एक गाडी आली, दिवे अप्परवर. झाडासमोरच थांबली आणि दिवे तसेच ठेवून पोरांचे व्हिडिओ सुरू झाले. झाड काळं पडलं. मी जाऊन हात जोडले, दिवे बंद करायला लावले. अर्धा तास थांबलो, तेव्हा कुठं खालच्या दोन फांद्या लुकलुकल्या. सोबतचे गावातले मामा म्हणाले, "आज न्हाई भरायचं आता हे झाड." त्या रात्री किती जोड्या जमायच्या राहिल्या असतील, हे आजही मनातून जात नाही.

मी गाडी गावातच ठेवतो आणि चालत जातो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळून रबर लावतो आणि त्याचा उजेडही पायाजवळच पाडतो. मोबाइल खिशात. फोटो हवाच असेल तर ट्रायपॉड लावा, एक्स्पोजर लांब ठेवा. फ्लॅश मारून काजवा येतच नाही, नुसतं झाड येतं.

रस्ता सोडून झाडाखाली शिरू नका. माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात आणि अळ्या पालापाचोळ्यात गोगलगायी खात महिनोन् महिने वाढतात. तुमच्या बुटाखाली पुढच्या वर्षीचे काजवे जातात.

बाटलीत भरू नका. डासांचा स्प्रे झाडाजवळ मारू नका, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. स्पीकर घरी ठेवा.

दुसरी चूक घाईची, आणि तिचा मला मनापासून राग येतो. शनिवारी रात्री नऊला पोचायचं, रील काढायचं, बाराला कसारा घाटात. अशा रात्री गाड्यांची रांग बघूनच परत येता. डोळ्यांना अंधार सरावायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात! मधल्या वारी या, अमावास्येच्या आसपास या, दिवस मावळायच्या आत या. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडा, चुकवायच्या वाटा शोधू नका. मुक्काम शेंडी, मुरशेत, उडदावणे अशा गावात करा. डबा बांधून आणू नका. तिथं चुलीवरची नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळतं. वाटाड्याही गावातलाच घ्या. हिरडा, बेहडा, सादडा कितीतरी ठिकाणी लोकांच्या बांधावर उभे आहेत. उभ्या झाडानं घरात चार पैसे आले, तर ते झाड लाकडाच्या व्यापाऱ्याला द्यायची पाळी येत नाही.

आणि वळवाचा जोर वाढून बेत फसला, तर वाटाड्याशी भांडू नका. त्याची ठरलेली रक्कम द्या, पुढच्या वर्षी आठवडाभर आधी त्यालाच फोन करून विचारा, मग सुट्टी टाका.