जुनी गाडी चालवायची की जपायची? या चुका टाळा

बडोद्यात फियाट, अ‍ॅम्बेसेडर, मॉरिस किंवा हेराल्ड सांभाळणाऱ्यांची गाठ पडली की वाद ठरलेला. एकाचं म्हणणं, गाडी रस्त्यावर धावली तरच ती गाडी. दुसऱ्याचं म्हणणं, मूळ रंग, मूळ काचा, मूळ सीटकव्हर एकदा गेलं की परत येत नाही, म्हणून झाकून ठेवा. दोघांचंही बरोबर आहे. गाड्या खऱ्या खराब होतात त्या या दोन्हींच्या मधे अडकल्या की. धड चालवल्या जात नाहीत आणि धड ठेवल्याही जात नाहीत.

म्हणून आधी एक गोष्ट ठरवा. तीन आठवड्यांतून एकदा किमान २५ किलोमीटर सलग चालवणं वर्षभर जमणार असेल, तर गाडी ‘चालती’ ठेवा. जमणार नसेल तर ती रीतसर ‘झोपवा’. खालच्या बहुतेक चुका हे न ठरवल्यामुळे होतात.

दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती करतात गाडीवर जीव असलेलेच लोक. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर त्याची वाफ होऊन ती बाहेर पडते. पाच मिनिटांत तेवढं काहीच तापत नाही. पाणी सायलेन्सरच्या पोटात साचतं आणि तो आतून सडतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, बोटाने दाबलं तर भोक पडतं.

इंजिनच्या आतही हेच होतं. थंड इंजिनला चोक ओढलेला असतो, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. टेम्परेचरचा काटा मधे आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नका. तो काटा इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा आहे, ऑइल बरंच मागे असतं. ऑइल पुरतं तापायला रस्त्यावरचे पंधरावीस मिनिटं तरी लागतात, आणि तेव्हाच त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसला तर गाडी फार थोडा वेळ चालते आहे, असं समजा. रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल आणि फेस घट्ट असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं पॅकिंग) तपासायला हवं.

बॅटरीचंही नुकसानच. स्टार्टर एका झटक्यात जेवढा करंट ओढतो तेवढा डायनमो आयडलिंगला परत देत नाही. कमी फेऱ्यांवर तो जवळपास काहीच चार्ज करत नाही. बॅटरी टिकावी म्हणून केलेला हा उद्योग तिलाच रिकामी करतो.

चालवायचीच तर सकाळी लवकर निघा, हालोल रस्त्याने जरोदपर्यंत जाऊन या. सरळ, सपाट रस्ता आहे, टॉप गिअरला गाडी निवांत चालते. सायलेन्सर कोरडा होतो, ब्रेक घासून स्वच्छ होतात, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल सगळीकडे फिरून सीलांना ओल मिळते. ज्या गाडीला दोनतीन आठवड्यांतून अशी एक फेरी मिळते तिला वेगळं काही जपावं लागत नाही. उत्तरायणाच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा मात्र उघड्या गाडीने रस्त्यावर जाऊ नका, मांजा गळ्याच्या उंचीवर येतो.

पावसाळ्यासाठी गाडी चुकीची झोपवणं

जून ते सप्टेंबर बहुतेकजण गाडी बाहेर काढत नाहीत. मग प्लास्टिकचं कव्हर चढवतात, दोऱ्या बांधतात, आणि दसऱ्याला उघडतात तेव्हा दरवाजांच्या खालच्या कडा फुगलेल्या असतात. प्लास्टिकखाली ओल अडकते, दिवसा तापून वाफ होते, रात्री पत्र्यावरच थेंब होऊन बसते. छताखाली जाड सुती कापड पुरतं. छत नसेल तर हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या, आणि कव्हर घालण्याआधी गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि रंगावर ओरखडे पाडतं.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत गाडी तळमजल्याला, फरशीवर उभी असते. तिथे ओल जमिनीतून वर येते. फरशीवर आधी जाड प्लास्टिक, त्यावर रबरी मॅट आणि मग गाडी. प्लास्टिकची जागा हीच, गाडीच्या वर नाही.

बाकी कामं अशी. गाडी झोपवण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला, नंतर नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती चार महिने बेअरिंगला लागून राहता कामा नये. नवं तेल घालून दहाबारा किलोमीटर चालवा आणि मगच ठेवा. हँडब्रेक ओढू नका; दमट हवेत ब्रेकशू ड्रमला चिकटतात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. क्लच प्लेटही फ्लायव्हीलला अशीच चिकटते, म्हणून पेडल खाली दाबून सीटच्या चौकटीत लाकडाचा दांडा अडकवा. टायरमध्ये नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय जास्त हवा भरा, मात्र टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. गाडी स्टँडवर घेणार असाल तर स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा. चेसिसखाली लावलात तर पाटे आणि रबरी बुश महिनोन्‌महिने लोंबत राहतात.

बॅटरी काढून आत ठेवा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ६० अ‍ॅम्पियर-तासांच्या बॅटरीला ६ अ‍ॅम्पियर. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत बारीक जाळी कोंबा आणि तिथे लाल चिंधी बांधून ठेवा, म्हणजे काढायची विसरणार नाही. उंदीर सीटमधल्या काथ्यात घर करतात आणि जुनं कापडी वेष्टणाचं वायरिंग आधी खातात.

दसऱ्याला थेट चावी फिरवणं

चार महिने उभ्या गाडीच्या सिलेंडरवर तेलाचा थर उरलेला नसतो. थेट स्टार्टर मारला की रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात एक चहाचा चमचा इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हँडलने, किंवा टॉप गिअरला टाकून गाडी ढकलत, इंजिन दोनतीन फेरे हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल सोडून थांबा. मोकळं फिरलं की प्लग न लावताच स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा हलेपर्यंत. त्यानंतर प्लग. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर पांढरट थर बसलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढा. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनला पॉइंटची गॅप साधारण ०.४ मिलिमीटर आणि प्लगची ०.६ मिलिमीटर ठेवा.

टाकीत जुनं पेट्रोल उरलं असेल तर पहिल्यांदा सुरू करताना ते वापरू नका. डब्यातून ताजं पेट्रोल थेट पंपाला द्या.

क्लच चिकटलेलाच निघाला तर इंजिन तापवा, बंद करा, मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये टाका, क्लच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. गाडी धक्का मारत पुढे जाईल आणि बहुतेक वेळा प्लेट सुटेल. समोर दहा मीटर जागा मोकळी हवी, माणूस तर अजिबात नको.

पेट्रोल बदललं, रबर जुनंच

आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनी किंवा हेराल्डच्या काळातले पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. रबर फुगतं, मऊ होतं, मग तडकतं आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) ठिबकतं. जुन्या गाडीला आग लागते ती बहुधा इथूनच. सगळे रबरी पाइप बदला आणि घेताना पाइपवर ‘एसएई जे-३० आर-९’ असा छाप बघून घ्या. दिसायला सारखा, छाप नसलेला पाइप पावसाळाभरही टिकेल याची खात्री नसते. पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा मागा. टाकीच्या गेजला बुचाचा फ्लोट असेल तर त्यावरचं लाखेचं आवरण इथेनॉलमध्ये विरघळतं आणि फ्लोट बुडतो. पितळी फ्लोट बसवा.

इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं. पहिले दोनतीन महिने कार्ब्युरेटर वारंवार चोंदत असेल तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नका. पारदर्शक फिल्टर लावा, तपकिरी दिसला की बदला. हवा-पेट्रोलचं मिश्रणही पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं: प्लगचं पोर्सलीन पांढरंफटक दिसत असेल, चढावर इंजिन अडखळत असेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक आकार मोठा करून बघा.

दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरमधली फ्लोटची वाटी दोन्ही रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी तळातूनच गंजते. डॅशखाली २ किलोचा अग्निशामक, हाताला येईल असा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘आपल्याकडे गरमी आहे, थर्मोस्टॅट कशाला’ हे गॅरेजमधलं नेहमीचं वाक्य. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो काढला की इंजिन हिवाळ्यात कधी पूर्ण तापतच नाही आणि वर सांगितलेली पाण्याची सगळी कटकट चालत्या गाडीतही सुरू होते. मे महिन्यात गाडी तापत असेल तर बहुधा थर्मोस्टॅटमुळे नव्हे, रेडिएटरमुळे. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेलं असतं, नळ्यांत क्षार बसलेले असतात. रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्या. मग डिस्टिल्ड पाणी आणि एक तृतीयांश कूलंट, दर दोन वर्षांनी नवं. इथे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट इथे गंज थांबवण्यासाठी हवं.

भर उन्हात सिग्नलला गाडी बंद पडली, दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली, तर तो बहुधा व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होणं. पंपावर ओलं फडकं टाका, तात्पुरतं काम भागतं. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब नेणं आणि पंप आणि मॅनिफोल्डच्या मधे पत्र्याचा आडोसा.

तेल आणि ब्रेक

इंजिनला २०डब्ल्यू-५० दर्जाचं ऑइल. गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलमध्ये असेल तेच. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच चालतं. जिथे गिअर ऑइल सांगितलं आहे तिथे जीएल-४ घ्या, जीएल-५ नको. त्यातली रसायनं सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना खातात.

स्टँडर्ड हेराल्डवाल्यांसाठी खास: पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनियनमध्ये (चाक वळतं त्या आट्यांच्या सांध्यात) ग्रीस भरू नका. तिथे ईपी-९० गिअर ऑइल हवं. ग्रीस घट्ट होऊन आट्यांपर्यंत पोचत नाही, चाक धरणारी व्हर्टिकल लिंक झिजते आणि एका वळणावर तुटते, चाक आत दुमडतं. निप्पल दिसलं की ग्रीसगन लावायची सवय असलेल्या मेकॅनिकला हे आधी सांगून ठेवा.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो. ते पाणी शोषतं: डॉट-३ ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर १४० ला. त्याच पाण्याने व्हील सिलेंडर आतून गंजून अडकतात. टायरवरचा चार आकडी कोड बघा, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांचा टायर हायवेवर नको.

जपण्याच्या नावाखाली मूळ गाडी घालवणं

शोसाठी सरसकट नवा रंग, नवं क्रोम, नवी रेक्झीन. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात मोठा कॉन्कूर (जुन्या गाड्यांची स्पर्धा) भरला तेव्हापासून शहरात ही घाई वाढलेली दिसते. जाणकार परीक्षक अस्सलपणा बघतात. थोडा उडालेला कंपनीचा रंग हा पुरावा असतो. खरवडून काढलात की गाडी कितीही चकाकली तरी ती पुन्हा बनवलेली गाडी होते. गंज लागलेला भाग तेवढाच दुरुस्त करा.

चालवण्यासाठी बदल करावे लागतात आणि ते करावेत: अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सीटबेल्ट. अट एकच, नवं भोक पाडायचं नाही, वायर कापायची नाही. निघालेला मूळ डायनमो, कटआउट, डिस्ट्रिब्युटर तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा. भंगारात दिलेला मूळ भाग पुन्हा मिळवायला वर्षं लागतात.

नंबरप्लेटचीही अशीच घाई होते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी घरच्यांना घेऊन पावागढला जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करत राहा. विम्यात जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा मूल्यांकनाचा दाखला आणि सगळ्या बाजूंचे फोटो जोडा.

पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी सुरू करून बघणं

ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं हे शहराला ठाऊक आहे. सखल भागात गाडी ठेवली असेल तर पावसाळ्यापुरती उंचावरची जागा आधीच ठरवून ठेवा. पाणी शिरलंच तर चावीला हात लावू नका. सिलेंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची अर्थिंगची वायर काढा, प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येईल. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी), गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हींचं तेल सोडा. डिफरन्शियलच्या ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) पाणी आत ओढलं जातं आणि तिथेच ते बहुतेकजण विसरतात. तेल दुधाळ चहासारखं निघालं तर स्वस्त ऑइल भरून, हाताने फिरवून पुन्हा सोडा, स्वच्छ येईपर्यंत. डायनमो आणि स्टार्टर उघडून वाळवा, ड्रम काढून गाळ धुवा, चाकाच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा, सीट बाहेर काढा. हे सगळं पहिल्या दोनतीन दिवसांत व्हायला हवं, त्यानंतर बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडायला लागतात.