अ‍ॅडमिनला चालतंय, बाकीच्यांना चालंना

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या ऑफिसात एकच लिनक्स सर्व्हर, त्यावर सहाजणांची खाती. फायरफॉक्समधून डिजिटल सही करायचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची पुरवणी) आणि प्रत्यक्ष सही करणारा वेगळा प्रोग्रॅम मी टाकला. माझ्या अ‍ॅडमिन खात्यात रूटनं (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरनं) फायरफॉक्स उघडून बघितलं, झकास! दुसऱ्या दिवशी अकाउंटच्या ताई, "दादा, आमच्याकडं सहीच होईना."

एक्स्टेन्शन सगळ्यांना दिसत होतं, पण सही करणारा प्रोग्रॅम सुरूच होत नव्हता. मी दोनदा सगळं काढून परत टाकलं. वैतागून त्या प्रोग्रॅमला ७७७ परवानगीही दिली, म्हणजे कुणीही वाचा, बदला, चालवा. (करू नये, सर्व्हर सगळ्यांचा असतो. शिवाय फरकही पडला नाही!)

मग 'सु' (su, युजर बदलायची कमांड) करून ताईंच्या खात्यात शिरलो आणि 'नेमआय -एल' (namei -l) ही कमांड त्या प्रोग्रॅमच्या पूर्ण पाथवर चालवली. ती वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी दाखवते. चोर तिथंच सापडला: 'ऑप्ट'मधलं (/opt) त्या प्रोग्रॅमचं फोल्डर ७००, म्हणजे मालक सोडून सगळ्यांना बंद. माझ्या रूट शेलचा उमास्क (नव्या फाइल-फोल्डरच्या कुठल्या परवानग्या काढायच्या ते ठरवणारी सेटिंग) ०७७, त्यामुळं बनलेलं प्रत्येक फोल्डर फक्त रूटपुरतं. फाइल कितीही मोकळी असली तरी वरच्या फोल्डरला 'एक्स' परवानगी नसेल तर आत जाताच येत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजाच बंद, मग माजघर उघडं असून काय उपयोग?

फोल्डर आणि प्रोग्रॅम ७५५ केले, म्हणजे बदल फक्त मालकानं करायचा, वापर सगळ्यांनी. फायरफॉक्सच्या नेटिव्ह मेसेजिंगची जेसन फाइलही (एक्स्टेन्शननं कुठला प्रोग्रॅम सुरू करायचा ते सांगणारी) ६०० निघाली, म्हणजे फक्त मालकाला वाचता येणारी; ती सगळ्यांना वाचता येईल अशी ६४४ केली. ७७७ अर्थातच गेलं. ताईंनी ब्राउझर बंद करून उघडला, सही झाली. चहा मात्र मलाच पाजावा लागला.