विज्ञानमालिकेतली चूक नोंदवण्याआधी ती तपासायची कशी?

टीव्हीवरच्या विज्ञानकथा-मालिकांमधल्या चुकांच्या याद्या भरपूर सापडतात, पण त्यातल्या बऱ्याच नोंदी तपासायला घेतल्या की गळून पडतात. चूक दिसल्याबरोबर लिहून टाकलेली असते. ती कुठल्या आवृत्तीतली आहे आणि नेमका कुठला नियम मोडते, हे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची अमेरिकी मालिका १९६६ साली सुरू झाली, पण २००६पासून तिचे भाग नव्या डिजिटल इफेक्ट्ससह पुन्हा दाखवले गेले. यानाच्या बाहेरच्या दृश्यातली चूक एका आवृत्तीत असेल आणि दुसरीत नसेलही. टाइमकोड, म्हणजे भागातली मिनिट-सेकंदाची जागा, तीही सरकते. सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रित झालेला ५० मिनिटांचा भाग पाल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डिस्कवर २५ फ्रेमने चालतो आणि ४८ मिनिटांत संपतो. मग ४०:०० ची जागा ३८:२४ वर येते. तेव्हा नोंदीत आवृत्ती लिहाच, नाहीतर दुसऱ्याला तो शॉट सापडणार नाही.

प्रक्षेपणाचा क्रमही बघा. ‘स्टार ट्रेक’चा दुसरा पायलट, म्हणजे मालिकेआधी बनवलेला नमुना-भाग, तिसरा भाग म्हणून दाखवला गेला. त्यामुळे त्यात अचानक गणवेश वेगळे दिसतात आणि डॉक्टरही दुसराच असतो. ‘फायरफ्लाय’ या अंतराळमालिकेचा पायलट तर २० डिसेंबर २००२ला, बाकीचे बरेच भाग होऊन गेल्यावर आला. अशा विसंगतीला क्रमाचा दोष म्हणा, कंटिन्युइटीचा (दृश्यांच्या सलगतेचा) नको. मात्र त्याच दुसऱ्या पायलटमध्ये थडग्यावर यानाचा कप्तान कर्क याचं नाव ‘जेम्स आर. कर्क’ आहे आणि नंतर तो ‘जेम्स टी.’ होतो. ही खरी चूक, कारण कुठल्याही क्रमाने पाहिलं तरी ती उरतेच.

शॉटमधल्या चुकांसाठी सीन निदान दोनदा पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. एका फेरीत एकाच गोष्टीवर नजर ठेवा: ग्लासातली पातळी, कॉलर, जखमेची बाजू, भिंतीवरचं घड्याळ, वस्तू कुठल्या हातात आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. संशय आला की सलग तीन शॉट ताडून पाहा. दुसऱ्यात ग्लास रिकामा आणि तिसऱ्यात पुन्हा पहिल्याइतकाच भरलेला असेल, तर वेगवेगळ्या टेकचे (एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या वेळी केलेल्या चित्रणांचे) तुकडे जोडले आहेत. संकलक अभिनय चांगला असलेला टेक निवडतो, तिथे हे हमखास घडतं. तिसऱ्यातही ग्लास रिकामाच असेल, तर पात्राने कॅमेऱ्याबाहेर तो पिऊन टाकला असणं शक्य आहे. केसांचा भांग, छातीवरचं चिन्ह आणि मागची अक्षरं असं सगळंच उलट झालं असेल तर शॉट आरशासारखा फिरवलेला आहे. ती एकच चूक आहे, तीन नाहीत.

मालिकेने मानलेली कल्पना, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान यान किंवा कालप्रवास, चुकीत धरू नका. तिने स्वतः घातलेला नियम मोडला तर धरा. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेने १९७६मध्ये नायकाच्या पुनर्जन्मांची मर्यादा १२ ठरवली आणि २०१३मध्ये नवं चक्र देऊन ती कथेतच सोडवली. असा खुलासा नंतर आला असेल तर नोंद पुसू नका. चूक आणि खुलासा, दोन्हींची सालं लिहा.

विज्ञानाची तपासणी मात्र आकड्यांनीच करायची. संभाषण सर्वांत सोपं: किलोमीटरमधलं अंतर भागिले ३ लाख (प्रकाशाचा सेकंदाचा वेग), की संदेशाला लागणारे सेकंद मिळतात. चंद्रासाठी सव्वा सेकंद. मंगळासाठी, ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं, तेही एका बाजूने. मालिकेत प्रकाशापेक्षा वेगवान संदेशयंत्रणा नसेल आणि मंगळ-पृथ्वी गप्पा सलग चालल्या असतील, तर चूक पक्की.

कृत्रिम गुरुत्वासाठी फिरणाऱ्या अंतराळस्थानकाला जास्त वेळ द्या, तिथे पडद्यावरूनच मोजता येतं. एका फेरीचे सेकंद घड्याळ लावून मोजा. खिडकी किंवा दाराच्या उंचीवरून त्रिज्येचा अंदाज घ्या. मग त्रिज्या (मीटर) गुणिले मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा वर्ग, भागिले ८९५. उत्तर ‘जी’मध्ये, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या पटीत, येतं. ३० मीटर त्रिज्या आणि ३० सेकंदांत एक फेरी (मिनिटाला २) असेल, तर ३० × ४ ÷ ८९५ म्हणजे ०.१३ जी. हे चंद्रापेक्षाही कमी आहे. आत माणसं पृथ्वीसारखी चालत असतील तर फेरी ११ सेकंदांत व्हायला हवी होती. त्रिज्येचा अंदाज दुपटीने चुकला तर उत्तरही दुपटीने चुकतं, त्यामुळे किरकोळ फरकावर आरोप करू नका. आणि गती मुद्दाम मंद केलेला शॉट मोजायला घेऊ नका.

निर्वातात बाहेरून येणारा स्फोटाचा आवाज ही पडद्यावरची जुनी मान्य रूढी आहे. तिची प्रत्येक वेळी नोंद करून यादी फुगते. एका भागात शांतता आणि दुसऱ्यात गडगडाट असेल तरच लिहा.

इथे तपासणाऱ्याचं अर्धवट ज्ञानही आड येतं. हेल्मेट फुटल्यावर पात्र फुटलं नाही म्हणून चूक काढणारे बरेच असतात, पण शरीर फुटतही नाही आणि लगेच गोठतही नाही, कारण निर्वातात उष्णता मुख्यतः प्रारणानेच, म्हणजे हळू, बाहेर पडते. १९६६मध्ये नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटमधला दाब गेला. तो सुमारे १४ सेकंदांत बेशुद्ध पडला आणि दाब परत दिल्यावर शुद्धीवर आला. तेव्हा पात्र दहा सेकंद हातपाय हलवतंय, ते ठीक. मिनिटभर बोलतंय, ते नोंदवा. श्वास रोखून धरतंय, तेही नोंदवा, कारण आत अडकलेली हवा फुप्फुसं फाडते.

नोंद लिहिताना आवृत्ती, भाग, टाइमकोड, काय दिसतं, काय दिसायला हवं होतं आणि आकडेमोड, या क्रमाने लिहा. गणित पूर्ण मांडा, म्हणजे त्रिज्येचा अंदाज ज्याला पटत नाही त्याला स्वतःचा आकडा घालून पुन्हा भागाकार करता येईल.