उतारवयात मोठं घर विकून लहान घर घेताय? या चुका तरी टाळा

मी इस्टेट एजंट नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही दोघांनी बिबवेवाडीचं रो-हाऊस विकून एरंडवण्यात टू बीएचके घेतला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी साठी-सत्तरीत घर बदलायला निघालं की मला सोबत नेतात. चाळीसेक घरं तरी पाहून झाली असतील, सॅम्पल फ्लॅटमधल्या चहाचा आता वीट आलाय. माणसं दरवेळी वेगळी असतात, चुका मात्र त्याच.

रविवारी सकाळी अकराला, मुलाच्या गाडीतून घर बघणं

बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून निघतात. रविवारी अकराला रस्ता मोकळा असतो, लिफ्ट रिकामी असते, बागेत कारंजं चालू असतं. सेल्सवाला मुलगा लाघवी असतो आणि "आज टोकन दिलंत तर आजचाच रेट" म्हणतो. गाडी थेट पार्किंगमध्ये शिरते, तिथून लिफ्टने वर. म्हणजे ज्या वस्तीत आपण राहायला जाणार, तिथे आपला पाय जमिनीला लागतच नाही.

माझ्या दादाचंच सांगते. (विचारून लिहितेय. "लिही, पण माझं नाव नको," म्हणाला.) सहकारनगरमधला बंगला, रोज पहाटे तळजाई टेकडी, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर चौघे मित्र. वहिनीचे गुडघे दुखायला लागले, जिना नको झाला, बंगला विकायचं ठरलं. मुलगा खराडीत नोकरीला, म्हणून तिथून जवळ वाघोलीत चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "भाजी कुठे मिळते रे?" उत्तर सेल्सवाल्याने दिलं, "मॅडम, आता भाजी दारात येते. दहा मिनिटांत."

आली की! पण वहिनीला कोथिंबीर देठ मोडून, वास घेऊन घ्यायची सवय. दारात येणारी जुडी प्लॅस्टिकमध्ये घामाघूम झालेली. लॉबीपासून फाटकापर्यंत चारशे बारा पावलं, दादाने मोजली होती. फाटकाबाहेर फूटपाथ नाही, आणि रस्त्यावर डंपर आणि पाण्याचे टँकर. रिक्षावाले आत यायला तयार नाहीत. दूधवाला, कामवाली, कुणीही आलं की वॉचमन मोबाइलवर परवानगी मागणार. वहिनीला ती घंटा ऐकूच यायची नाही, मग दूध फाटकावरूनच परत.

सप्टेंबर 2024 मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत झाली तसा दादाने नवाच उद्योग काढला. वाघोलीहून रिक्षाने रामवाडी, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून स्वारगेट, पुढे पुन्हा रिक्षा. कशासाठी? तर तळजाईवर एक चक्कर मारायला. अर्धा दिवस जायचा. आठव्या महिन्यात मुलाची बंगळूरला बदली झाली, म्हणजे ज्याच्यासाठी वाघोली घेतलं तोच गेला.

बरं, विकून मोकळं व्हावं, तर तेही नाही. बंगल्याच्या विक्रीत झालेला नफा नव्या घरात घालून कर वाचवला होता, आणि असं घर 3 वर्षांच्या आत विकलं की वाचवलेला कर पुन्हा मानेवर बसतो. त्यामुळे वाघोलीचा फ्लॅट भाड्याने दिला आणि हे दोघं सहकारनगरात पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतात. तिकडचं भाडं इकडच्या भाड्याला पुरत नाही. वहिनी म्हणते, "अगं, पण कोथिंबीर तरी बघून घेते."

वाघोली वाईट आहे असं मुळीच नाही. तिथे तिशीतली जोडपी मजेत राहतात. दादाचं आयुष्य तिथे नव्हतं, एवढंच.

माझी पद्धत अशी. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सहाला जायचं, बसने किंवा रिक्षाने. सोबत पिशवी. तिथल्याच मंडईत दोन किलो कांदे-बटाटे घ्यायचे आणि ती पिशवी घेऊन चालत त्या बिल्डिंगपर्यंत जायचं. वाटेत रस्ता कुठे ओलांडावा लागतो, बसायला कट्टा कुठे आहे, आपल्या वयाची माणसं रस्त्यावर दिसतात का, हे पाय आपोआप सांगतात. मग खाली बाकावर अर्धा तास नुसतं बसायचं. मुलांना या फेरीला नेऊ नका, त्यांना घाई असते.

आणि जमत असेल तर त्याच वस्तीत आधी अकरा महिने भाड्याने राहा. हे सांगितलं की लगेच, "भाडं म्हणजे पैसे पाण्यात!" पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे. 80 लाखांच्या घरावर 5 लाख 60 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. घर चुकलं तर हे पैसे कुठे जातात? (खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती जाते. हे बहुतेकांना रजिस्ट्रेशनच्या दिवशी कळतं.)

आलेले सगळे पैसे आपलेच, असं धरून चालणं

मोठं विकून लहान घेताना नफ्यातला काही भाग हातात उरतो, आणि नव्या घरात न गेलेल्या त्या भागावर कर लागतो. दर 12.5 टक्के. जुनं घर 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं असेल तर मूळ खरेदी किमतीला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे, दोन्ही करून बघायचं. उरलेल्यातले 50 लाखांपर्यंत 6 महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत घालूनही कर वाचवता येतो, पण ते पैसे 5 वर्षं अडकतात. कर वाचवायचा तर नवं घर विक्रीनंतर 2 वर्षांत घ्यायचं असतं. सीएकडे टोकन देण्याआधी जा. लोक पेढे वाटून झाल्यावर जातात.

अमेरिकेतल्या मुलांसाठी तिसरी बेडरूम

वर्षाचे पंधरा दिवस ती मंडळी येणार, त्यातले आठ दिवस सासरी. उरलेले साडेतीनशे दिवस त्या खोलीची झाडलोट तुम्ही करणार, मेंटेनन्स तुम्ही भरणार. दिवाणखान्यात गाद्या घाला, नातवंडांना तेच जास्त आवडतं.

"लिफ्ट होईल पुढेमागे"

होत नाही. कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या तीनमजली सोसायट्यांमध्ये हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. तळमजल्यावरच्यांना लिफ्टचा खर्च द्यायचा नसतो आणि मीटिंग तिथेच मोडते. लिफ्ट असली तरी तिच्यात स्ट्रेचर आडवं मावतं का, आणि वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, हे बघा. मी स्वतः दुसऱ्या मजल्याच्या वर बघतच नाही, लिफ्ट असो वा नसो. चौदाव्या मजल्यावरचा वारा छान असतो, हे मान्य.

रीडेव्हलपमेंटच्या उंबरठ्यावरची सोसायटी

"आत्ता स्वस्तात घ्या, पुढे मोठा फ्लॅट मिळेल." पण आपण लहान घर शोधत होतो ना? बहात्तराव्या वर्षी सामान बांधून तीनेक वर्षं भाड्याच्या घरात जायचं, आणि प्रकल्प रखडला तर विचारूच नका. सेक्रेटरीकडे मागच्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. एजंटला विचारू नका, तो गोडच बोलणार.

बाकी किरकोळ

मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे का, हे सगळे विचारतात. मी विचारते, दवाखान्यात बसणारा साधा फॅमिली डॉक्टर कुठे आहे. हॉस्पिटलला वर्षातून एकदा जाल, याच्याकडे महिन्यातून दोनदा.

नदी-नाल्याजवळचं घर जानेवारीत बघून ठरवू नका. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं.

बाथरूमचं दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. आत कुणी पडलं की दाराला अंग टेकतं आणि दार ढकलता येत नाही. शेजारच्या काकांच्या वेळी करवतीने दार कापावं लागलं होतं.

भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, न बघता पैसे देऊ नका. यावर जास्त काय लिहायचं!

जुनं सामान नव्या घरात मावेलच, असा विश्वास

ही चूक माझीच, म्हणून शेवटी. आईचं सागवानी कपाट, साडेसहा फूट उंच. नव्या बेडरूमची भिंत मी टेपने दोनदा मोजली होती, कपाट तिथे बरोब्बर बसत होतं. लिफ्ट मोजली नव्हती. जिन्याचं वळण तर नाहीच नाही. चार हमाल आणि ते कपाट पहिल्या मजल्याच्या वळणावर पाऊण तास अडकून होते, वरून शेजारी डोकावून सूचना देत होते, "थोडं तिरकं घ्या!" शेवटी सुतार बोलावून ते तिथेच, जिन्यात, सुटं केलं. वर नेऊन पुन्हा जोडलं, पण डावं दार तेव्हापासून लागत नाही. त्यात दुमडलेला कागद घालावा लागतो. म्हणून आता घर बघायला जाताना पर्समध्ये टेप असते, आणि आधी जिना मोजते.