ठाणे–नाशिक एका दिवसात: आधी परतीची वेळ ठरवा

नाशिक ठाण्याहून साधारण दीडशे किमी, पण ट्रॅफिकमध्ये जीव जातो तो ठाण्याजवळच्या माजिवडा ते मानकोली–रांजनोली एवढ्याशा पट्ट्यात, आणि येताना दमलेलो असताना जास्तच. म्हणून प्लॅन उलटा करायचा, आधी परतीची वेळ आणि मग बाकीचं.

१. आदल्या रात्री गुगल मॅप्समध्ये रूट टाका, तीन टिंबांवर दाबून निघायची वेळ बदला. नाशिकहून दुपारी ३, संध्या ६ आणि रात्री ९ अशी तिन्ही टाकून बघा, किती फरक पडतो ते लगेच दिसतं. मॅप अमुक ते अमुक वेळ असं दाखवतो, त्यातला मोठा आकडाच धरा.

२. त्यावरून मागे मोजत या. जेवण, पंचवटी, त्र्यंबकला जायचं तर जायला-यायलाच दीड-दोन तास. बसत नसेल तर एक ठिकाण सरळ कापा, लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर नक्कीच.

३. सकाळी साडेपाचला गाडी सोसायटीच्या गेटबाहेर हवी. पेट्रोल, हवा, फास्टॅगचा बॅलन्स सगळं आदल्या रात्रीच. नाश्ता घरी नको, नाशिकला पोचून गरम मिसळ खा.

भिवंडीजवळच्या आमणेहून इगतपुरीपर्यंत समृद्धी महामार्गानेही जाता येतं, कसारा घाट टळतो, टोल मात्र वेगळा धरा आणि बाईकला तिथे परवानगी नाही.

पावसाळ्यात कसाऱ्याला धुकं खूप असतं, तेव्हा अंधार पडायच्या आत घाट उतरा आणि फोटोसाठी वळणावर गाडी अजिबात थांबवू नका.